बाळंतपणात पिशवी काढावी लागली तर...

मैत्रिणींनो, या आठवड्यात एका सासूबाईंचं पत्र आलंय. ‘सुनेची पहिलीच खेप. बाळंतपणात अंगावरून इतकं गेलं, की डॉक्टरांनी तिथल्या तिथे पिशवी काढली. पोर तेवीस वर्षांची. थोडी वाट पाहिली असती तर?’

सासूबाई, वाट पाहायला वेळच नसतो हो! दिवस भरत आले, की पिशवीकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जातं. वार पडल्यावर पिशवी मुठीसारखी आवळते आणि रक्तवाहिन्यांची तोंडं मिटतात. ती आवळलीच नाही, फाटली किंवा वार तिच्यात रुतून बसली, तर रक्त थांबत नाही. डॉक्टर पिशवी चोळतात, इंजेक्शनं देतात, आत फुगा ठेवतात, रक्तवाहिन्या बांधतात. काहीच लागू पडलं नाही, तर पिशवी काढण्यावाचून गत्यंतर नसतं. 1876 साली इटलीतल्या पाव्हियात डॉ. पोरो यांनी सिझेरियननंतर लगेच पिशवी काढली. पोट फाडलेली बाळंतीण त्या काळी क्वचितच वाचे. इथे आई आणि बाळ दोघंही वाचली.

आता सुनेचं. बीजकोश सहसा ठेवतात. तसं असेल तर तिला अकाली म्हातारपण येणार नाही. पाळी येणार नाही, मूल राहणार नाही, एवढंच. दूध मात्र येतं, कारण त्याचा हुकूम मेंदूतल्या ग्रंथीकडून सुटतो. रक्त फार गेलं असेल तर उशिरा येतं, म्हणून बाळाला वरचेवर पाजायला घ्यावं. लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. जड उचलणं आणि नवराबायकोचा संबंध डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत नको. पुढे संसारसुखाला बाध येत नाही.

आणि ज्यांचं आधी सिझर झालंय त्यांनी ऐका. पुन्हा दिवस राहिले, की सोनोग्राफीत वार कुठे आहे ते आवर्जून विचारा. ती खाली, जुन्या टाक्यांवर असेल, तर रुतण्याचा धोका मोठा. प्रत्येक सिझरगणिक तो वाढतो. अशा वेळी रक्तपेढीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच नाव घाला.

सासूबाई, सून रडली तर रडू द्या. ‘जीव वाचला ना, मग रडतेस कशाला?’ असं म्हणू नका. बारशाला कुणी ‘आता दुसरं कधी?’ विचारलंच, तर उत्तर तिला द्यायला लावू नका. ते तुम्ही द्या.