स्पीकर घ्या, पण आधी खोली मोजा

प्लेसमेंटचा सीझन संपत आलाय. ज्यांच्या हातात ऑफर लेटर पडलंय त्यांच्या याद्या एव्हाना तयार असतील. नवा फोन, बाइक, गोव्याची ट्रिप, आईला साडी. अलीकडे या यादीत आणखी एक गोष्ट दिसायला लागलीये, ती म्हणजे होम स्टिरिओ. कृपा अर्थातच रील्सची. मंद पिवळा दिवा, फिरणारी रेकॉर्ड आणि दोन्ही बाजूंना छातीएवढे उंच लाकडी स्पीकर. बघताना वाटतं, आपल्या आयुष्यात एवढंच कमी आहे! (तो रील आपण फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकत असतो, ही गंमत वेगळीच.)

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे साठवून घरात एखादी चांगली वस्तू आणायची असेल, तर स्पीकरची जोडी जरूर आणा. पण 'हाय-एंड' या शब्दामागे धावत आणू नका. या छंदात पैसे चुकीच्या क्रमाने खर्च करायची पद्धतच पडून गेलीये. आधी किंमत बघायची, मग दिसणं, मग वायर, आणि ज्या खोलीत हे सगळं वाजणार ती खोली सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला तर निम्म्याहून कमी खर्चात तुम्ही जास्त सुखी व्हाल.

आता तुम्ही म्हणाल, इअरबड्स आहेत, ब्लूटूथ स्पीकर आहे, मग हा उद्योग कशाला? ब्लूटूथ स्पीकर ट्रेकला, गच्चीवर, होस्टेलच्या बर्थडेला मस्तच. पण त्याचा सगळा आवाज एका डब्यातून, एका ठिकाणाहून येतो. स्टिरिओची मजा दोन ठिकाणांहून येणाऱ्या आवाजात आहे. अ‍ॅलन ब्लुमलाइन नावाच्या ब्रिटिश इंजिनीअरने 1931 साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सिनेमा बघताना पात्र पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं होतं, असं सांगतात. तो ज्या कंपनीत होता तिचं नाव ईएमआय! आपल्याकडे आज स्टिरिओ घरी येतो तो बहुतेक वेळा ईएमआयवरच, हा निव्वळ योगायोग.

दोन स्पीकर नीट लावलेले असतील तर गायक त्या दोघांच्या बरोबर मधे, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे उभा राहतो. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला रेडिओच्या प्रॅक्टिकलसाठी आम्ही कॉलेजच्या स्टुडिओत बसायचो. एकदा रेकॉर्डिंग आटोपल्यावर तिथल्या मॉनिटर स्पीकरवर कुणीतरी 'सैराट' लावलं. या सिनेमाच्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले होते आणि तिथे खरा सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजला होता, हे मला माहीत होतं. वरातीत, गणपतीत, रिक्षात शेकडो वेळा ऐकलेली ती गाणी. पण व्हायोलिनवाले किती जण आहेत, कुठे बसलेत, त्यांच्या मागे किती मोठी जागा आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आम्ही सहा-सात जण होतो, कुणी काही बोललंच नाही. इअरबड्सवर प्रत्येकाने आपापलं ऐकलं असतं, इथे सगळ्यांनी एकच गाणं एकत्र ऐकलं. आणि हो, ते स्पीकर दिसायला अगदीच मरतुकडे होते. काळे डबे, एका कोपऱ्याचा टवका उडालेला.

आता दुसरी बाजू. माझ्या एका मैत्रिणीच्या दादाने नोकरी लागल्यावर दोन लाखांची टॉवर स्पीकरची जोडी घेतली, दीड वर्षाच्या हप्त्यांवर. राहायला पुण्यात, खोली दहा बाय अकराची. त्यात बेड, टेबल आणि स्टीलचं कपाट. स्पीकर उरलेल्या दोन कोपऱ्यांत, भिंतीला चिकटून. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की सगळ्या गाण्यांत एकच सूर 'हूंऽऽ' करून घुमतोय आणि त्या सुराला कपाट साथ देतंय. दादाने निष्कर्ष काढला की अँप्लिफायर कमी पडतोय. नवा अँप आला. हूं तसाच. मग कुणीतरी वायर बदलायला सांगितलं. वायर आली, भारीतली. हूं तसाच.

यात स्पीकरचा काही दोष नव्हता, हे बारावीचं फिजिक्स आठवलं तर कळेल. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण 3 मीटर अंतर असेल, तर ज्याची अर्धी तरंगलांबी त्या अंतरात बरोबर बसते तो आवाज तिथे अडकून फुगतो. हिशोब केला तर तो 57 हर्ट्झच्या आसपास निघतो. बेस गिटार आणि किक ड्रमचा खर्ज याच भागात. त्यातून स्पीकर कोपऱ्यात ठेवले की भिंती खर्ज आणखी वाढवतात. म्हणजे जितका मोठा वूफर, जितका खोल बेस, तितकं छोट्या खोलीत दुखणं मोठं. महाग स्पीकरने हे दुखणं बरं होत नाही, उलट ते आणखी स्पष्ट ऐकू येतं!

ते स्पीकर आता साताऱ्याला दादाच्या घरी हॉलमध्ये आहेत. मोठा हॉल, जुनं घर, भिंतीपासून तीन फूट पुढे. तिथे ते अप्रतिम वाजतात. आजी त्यावर कीर्तन ऐकते. दादा मात्र पुण्यात इअरबड्सवर, आणि हप्ते चालू आहेत.

म्हणून म्हणते, नवे स्पीकर शोधण्याआधी आहेत तेच नीट लावून बघा. आपल्याकडे स्पीकर ठेवतात कुठे? एक शोकेसमध्ये टीव्हीच्या बाजूला, दुसरा कपाटावर पंख्याकडे तोंड करून. ते खाली उतरवा. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच अंतर तुमच्यापासून प्रत्येक स्पीकरपर्यंत. ट्वीटर, म्हणजे तो छोटा वरचा गोल, कानाच्या उंचीला. स्टँड घ्यायला पैसे नसतील तर चौरंगाखाली विटा. मग खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टर्र' असा शेपटासारखा आवाज आला तर समजा की फरशी, काच आणि उघड्या भिंती आवाज इकडून तिकडे फेकतायत. सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांनी भरलेलं शेल्फ याने खूप फरक पडतो. (खर्जाचा हूं मात्र सतरंजीने जात नाही. तिथे जागा बदलणं हाच उपाय.)

आणखी एक फुकटची टेस्ट. 1950च्या दशकातलं लताबाईंचं कुठलंही गाणं लावा. ती रेकॉर्डिंग्ज मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज. तो दोघांच्या बरोबर मधून यायला हवा. मधून न येता विरघळल्यासारखा इकडेतिकडे पसरला आणि बेसही गायब झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडली गेलीये. हे प्रकार सर्रास होतात, महागड्या सिस्टिमवरसुद्धा.

हे सगळं करून झालं आणि तरी हौस उरली, तर पैसे स्पीकरमध्येच घाला. कारण साधं आहे. अँप आणि डॅक ही इलेक्ट्रॉनिक्सची कामं. ती आता इतकी सुधारलीयेत की माफक किमतीचा अँपही त्याचं काम चोख करतो. स्पीकर मात्र अजूनही मेकॅनिकल प्राणी आहे. लोहचुंबकात एक कॉइल, तिला चिकटलेला कागदाचा किंवा प्लास्टिकचा कोन, आणि त्याने हवा ढकलायची. तबल्यापासून सतारीपर्यंत सगळं या थरथरीतून उभं करायचं. गडबड व्हायला इथेच सगळ्यात जास्त जागा, म्हणून दोन जोड्यांमधला फरक इथेच सगळ्यात जास्त ऐकू येतो. वायरचं म्हणाल तर घरातल्या दोन-तीन मीटरसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली मीटरवर मिळणारी जाड तांब्याची वायर पुरते. सापाच्या कातडीसारखी विणलेली वायर दिसते छान, तेवढंच.

वॅटच्या आकड्यांना तर अजिबात भुलू नका. आपल्या आईबाबांच्या जुन्या म्युझिक सिस्टिमवर 'पीएमपीओ' लिहून हजारांत वॅट छापलेले असायचे, ते आठवतात? तो आकडा स्टिकरवरच राहायचा. बघायचा तो आरएमएस, आणि त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी. एका स्पीकरची 84 डेसिबल आणि दुसऱ्याची 90 असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला चौपट पॉवर लागते. फक्त 6चा फरक, पण अँपचं बजेट बदलतं.

मग हाय-एंडमध्ये काहीच नसतं का? असतं. चांगलं लाकूडकाम, न थरथरणारं कॅबिनेट, उत्तम ड्रायव्हर, क्रॉसओव्हरवर घेतलेली मेहनत, हे सगळं खरं आहे. पण किंमत दुप्पट झाली की आवाज दुप्पट चांगला होत नाही, आणि एका टप्प्यानंतर आपण आवाजाचे नाही, दिसण्याचे पैसे देत असतो. हे माझं मत नाही. फ्लॉइड टूल हे कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हरमन कंपनीत काम केलेले संशोधक. 1994 मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर दिसत असताना ऐकवले. दिसायला लागल्यावर गुण बदलले! आकार, रूप, ब्रँड यांनी कानांवर मात केली. त्याहून भारी म्हणजे स्पीकरची जागा बदलल्यावर आवाजात जो खरा फरक पडत होता, तो डोळे मधे आल्यावर लोकांना कमी जाणवला. ऐकणारे कुणी ऐरेगैरे नव्हते, हरमनमध्येच काम करणारे होते.

टूल यांच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आणखी वेगळी आहे. पडदा लावला की लोकांच्या आवडी बऱ्याच जुळतात. 'मला रॉकसाठी वेगळा, क्लासिकलसाठी वेगळा स्पीकर हवा' हे आपण जे ऐकतो ते फारसं टिकत नाही. ज्या स्पीकरमध्ये कुठलाच सूर उगाच पुढे-मागे होत नाही, तो बहुतेकांना आवडतो. किशोरीताईंनाही तोच न्याय देतो आणि हिपहॉपलाही.

या छंदावरचा एक आक्षेप मात्र मला पटतो. आपल्यातले कितीतरी जण पेइंग गेस्ट, कॉट बेसिसवर, नाहीतर वन बीएचकेत चौघं. शेजारच्या भिंतीपलीकडे कुणाचं तरी बाळ झोपलेलं. आणि आवाज म्हटला की महाराष्ट्रात डोळ्यांसमोर येतो तो मिरवणुकीतला 'डॉल्बी'. पण चांगल्या स्पीकरची ओळख हळू आवाजात पटते. साध्या खोलीत गप्पांच्या पातळीवर गाणं ऐकायला एखाद-दुसरा वॅट खर्च होतो, बाकीचे वॅट नुसते बसून असतात. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे 10 ते 6. तरी कॉट बेसिसवर असाल तर इतक्यात स्पीकर घेऊच नका. बरे वायरवाले हेडफोन घ्या, पैसे साठवा. खोली बदलणारच आहे तुमची.

आणि नवेच कशाला? तुमच्या काकांच्या माळ्यावर एखादी जुनी जोडी असेलच. साध्या पॅसिव्ह स्पीकरला अ‍ॅप लागत नाही, अपडेट लागत नाही, वीस वर्षांनीही तो आजच्या अँपला जोडून वाजतो. बघायचं एवढंच की कोनच्या कडेची गोल पट्टी रबराची आहे की फोमची. फोम आपल्या दमट हवेत बोट लावताच भुगा होतो. पण तो बदलून देणारे कारागीर अजून आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ चौकशी करा.

नव्याच घेणार असाल तर दुकानात जाताना स्वतःची चार गाणी घेऊन जा, पाठ असलेली. दुकानातली डेमो गाणी कशावरही छान वाजतात, त्यासाठीच ती निवडलेली असतात. स्वस्त जोडी आणि महाग जोडी ऐकवताना सेल्समन आवाज किती ठेवतोय ते बघा. किंचित मोठा आवाज आपल्या कानांना 'चांगला' वाटतो आणि हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. दोन्ही सारख्याच आवाजात लावायला सांगा. बरोबरच्या मित्राला दुकानदाराशी बोलायला उभं करा, तुम्ही डोळे मिटून बसा आणि कुठली जोडी चालू आहे ते विचारू नका. खोलीचं माप कागदावर लिहून न्या. घरी दोन दिवस लावून बघायला देता का, हेही विचारा. सुरक्षा ठेव घेऊन देणारे असतात. नाही म्हणाला तर शेजारचं दुकान उघडंच आहे.