लाटेआधीचा खर्च

28 नोव्हेंबर 1945. पहाटे साडेतीनच्या सुमारास, आज पाकिस्तानात असलेल्या मकरान किनाऱ्याजवळ आठहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी सव्वाआठच्या आसपास त्याची लाट मुंबईला पोचली. उंची साधारण दोन मीटर. जुहू-दांड्याला होड्यांचे दोर तुटले, वर्सोवा आणि हाजीअलीला माणसे वाहून गेली. त्याच किनारपट्टीवर वर्सोव्याच्या उत्तरेला, मढ-मनोरी-गोराई ओलांडले की आपले उत्तन लागते. त्सुनामी हे फक्त तमिळनाडू-अंदमानचे दुखणे आहे, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

उत्तन ज्या शहरात येते, त्याच शहरातल्या गोडदेवला मी राहतो. आमच्या इमारतीच्या गच्चीतून समुद्र दिसत नाही, त्यामुळे हा विषय आपला नाही असे नाक्यावर सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. आमच्या शहराच्या पश्चिमेला उत्तन, पाली, चौकचे कोळीवाडे आहेत, उत्तरेला वसईची खाडी आहे, कडेने मिठागरे आणि खाजणे आहेत. जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी आम्हीच फिरायला जातो. उत्तनची मासळी आमच्याच घरात शिजते. कर एका महापालिकेला भरायचा आणि धोका मात्र कोळीवाड्याचा एकट्याचा, अशी वाटणी होऊ शकत नाही.

मकरानहून येणारी लाट आपल्याला वेळ देते. 1945 साली तो वेळ जवळजवळ पाच तासांचा होता, पण सांगणारे कोणी नव्हते. आज आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने केलेल्या संहारानंतर हैदराबादच्या ‘इन्कॉईस’ संस्थेत 2007 पासून इशारा केंद्र चालू आहे. समुद्राखाली मोठा भूकंप झाला की काही मिनिटांत तिथून सूचना निघते. पण ती निघाली म्हणजे चौकच्या धक्क्यावर पोचली असे नाही. भोंगा कोण वाजवणार? म्हाताऱ्यांना कोण उचलणार, कुठल्या वाटेने, कुठल्या उंच जागी? दर्यात असलेल्या नाखव्याला कोण सांगणार की बंदराकडे धावू नको, खोल पाण्यातच थांब, तिथे लाट उंच होत नाही? आणि पहिली लाट ओसरल्यावर होडी बघायला खाली उतरू नका, मागून आणखी येतात, हे लोकांना आधीपासून माहीत असायला नको का?

हे सगळे शिकवावे लागते, नकाशावर आखावे लागते, दरवर्षी सराव करावा लागतो. त्याला पैसा लागतो, आणि तो सरकारचाच हवा. दर्यावर पोट असलेल्या माणसाने वर्गणी काढून भोंगा बसवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

कागदावर त्या पैशाची वाट मोकळी आहे. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या यादीत त्सुनामी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी राज्यांच्या आपत्ती निधीला 1,60,153 कोटी रुपये सुचवले. त्यातले 40 टक्के तातडीच्या मदतीला, 20 टक्के धोका कमी करायला आणि 10 टक्के पूर्वतयारीला. म्हणजे लाट येण्याआधी खर्च करणे हे तत्त्व देशाने मान्य केले आहे. ते प्रभागापर्यंत उतरवायचे काम राज्याचे आणि महापालिकेचे.

ते होऊ शकते, हे ओडिशाने दाखवले. 2020 मध्ये तिथल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या वस्त्यांना युनेस्कोच्या महासागर आयोगाने ‘त्सुनामी-सज्ज’ ठरवले. धोक्याचा नकाशा, बाहेर पडायच्या वाटांचे फलक, चोवीस तास इशारा मिळण्याची सोय, सराव अशा कसोट्या त्यांनी पार केल्या. त्यांतल्या बहुतेक कसोट्यांना सिमेंटच्या भिंतींपेक्षा माणसांची जास्त गरज आहे. दरवर्षी ज्यांच्या घरात पावसाचे पाणी शिरते, ते म्हणतील की आधी नाले बघा. त्यांचे खरे आहे. पण हाच भोंगा, ह्याच वाटा, हेच प्रशिक्षित तरुण चक्रीवादळात आणि 26 जुलै 2005 सारख्या पावसातही कामाला येतील. हा खर्च वाया जाणारा नाही.

म्हणून पुढचा अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा, गोडदेवकर असा की उत्तनकर, आपल्या नगरसेवकाला एवढेच विचारा: किनारा आणि खाडीकाठ यांच्या पूर्वतयारीचे स्वतंत्र लेखाशीर्ष कुठे आहे, आणि त्यात रक्कम किती? उत्तर लेखी मागा.