नावेंत राहिलेला जब्दी

गालील समुद्राच्या तीरीं प्रभूनें याकोब व योहान यांस बोलाविलें, तेव्हां ते जाळीं नीट करीत होते. बाप जब्दी याला मजुरांसह नावेंत सोडून ते निघाले, एवढेंच मार्क सांगतो. आपण त्या दोघां पुत्रांची थोरवी गातों. बापाकडे कोणी वळूनहि पाहत नाहीं. मला मात्र पाचारणाचा अर्थ त्याच्यापाशींच उलगडतो.

दोन कमावते पुत्र एका क्षणांत गेले. त्यानें त्यांस अडविल्याचा उल्लेख शुभवर्तमानांत नाहीं. ऐन हंगामांत खलाशी कमी पडला कीं काय होतें, हें वसईच्या किनाऱ्यावरील आपल्या ख्रिस्ती कोळ्यांस विचारावें! पुनरुत्थानानंतर पेत्र मासे धरावयास निघाला, तेव्हां नाव सिद्ध होती. ती कोणाची, हें योहानानें लिहिलेलें नाहीं. पण कोणीतरी मागें राहून ती जपलीच असली पाहिजे.

पाचारण केवळ धर्मगुरूंना व धर्मभगिनींना, ही समजूत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं खोडून काढिली. पावित्र्याचें पाचारण सर्व श्रद्धावंतांस आहे, असें तिनें स्पष्ट सांगितलें. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील बहुतेक नावेंतच राहतील. दुकानांतलें माप, कचेरींतला हिशेब, घरांतलें आजारपण, हींच तुमचीं जाळीं. तीं फाटकीं ठेवून रविवारीं पुढच्या बांकावर बसणें मला तरी पटत नाहीं.

आणि पालकहो, शेजाऱ्याच्या मुलानें सेमिनरींत जावें म्हणून आपण मनोभावें प्रार्थना करतों. उद्यां आपलाच मुलगा नावेंतून उतरूं लागला, तर आपण त्याचा हात धरूं कीं सोडूं?