चट्टा झाकू नका, दाखवा

कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई नांदेड-लातूरमध्येही घरोघर येतात. चट्टा असेल तर त्यांना दाखवा. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवीच. तो औषधाने बरा होतो. लालसर, चंदेरी खपल्यांचा चट्टा मात्र बहुधा सोरायसिसचा, आणि सोरायसिस संसर्गजन्य नाही. उलट जंतू मारणारे बीटा-डिफेन्सिन-२ हे प्रथिन १९९७ मध्ये जर्मन संशोधकांना या खपल्यांतच सापडले! त्वचेचा पहारा इथे गरजेपेक्षा कडक असतो.

एचएलए-सी जनुकाचा विशिष्ट प्रकार असेल किंवा त्वचेच्या आवरणाची एलसीई३बी आणि ३सी ही जनुके नसतील, तर धोका वाढतो. पण अशा प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. त्यावरून सोयरीक मोडणे चूकच. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, सोरायसिस एकदम उसळू शकतो. आधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.