कडी वाजवण्याचा गुन्हा

वाचकहो, दिवाळी अंकात कायद्याचे लिहू नये, असे आमच्या घरातून दरवर्षी बजावण्यात येते. चकली खाताखाता कलमे कोण वाचणार, हा सौ.चा बिनतोड सवाल. म्हणून यंदा काहीतरी गोडधोड लिहावे असे ठरवून बसलो होतो. पण दसरा होऊन चार दिवस झाले न झाले, तोच खालच्या मजल्यावरचे चिरंजीव जिना चढून वर आले, आणि लेखाचा विषय आपल्या पायांनी घरी आला.

चिरंजीव इंजिनियर आहेत. डोक्याने हुशार, तोंडाने फटकळ, मनाने सरळ. लहानपणापासून आमच्या घरात ऊठबस, त्यामुळे प्रस्तावना वगैरे करण्याची पद्धत नाही.

"काका, एक कायद्याचं विचारायचंय. फी नाही ना?"

"चहाबरोबर विचारलेल्या प्रश्नाला फी नसते. बोल."

हकीकत अशी. आमच्या भागात एका मोबाइल कंपनीची सेवा गेले सहा महिने अगदी रडतखडत चालली आहे. बोलता बोलता फोन तुटतो, तक्रार केली की नंबर मिळतो, आणि दोन दिवसांनी 'तक्रार निवारण झाले' असा मेसेज येतो. बिल मात्र एक दिवस चुकत नाही. तेव्हा चिडलेल्या चारशे ग्राहकांनी एक ग्रुप काढला आणि बेत ठरवला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बरोबर सात वाजता चारशे जणांनी आपापले फोन सुरू करायचे. एक अ‍ॅप आपणच नंबर फिरवत राहते. लागला की तोडायचा, तोडला की पुन्हा लावायचा. तासभर हे चालू ठेवायचे.

"टॉवर बसला पाहिजे, काका! म्हणजे पेपरात येईल आणि कंपनी हलेल. यात बेकायदेशीर काय? आम्ही पैसे भरलेत. अनलिमिटेड कॉलिंगचा प्लॅन आहे. फोन लावायला का कुणाची परवानगी लागते?"

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही, वाचकहो. याच प्रश्नावर इंग्लंड, अमेरिका आणि जर्मनी या तीन देशांतल्या न्यायाधीशांनी डोकी खाजवली आहेत. म्हणून मी चष्मा पुसला आणि आधी टेलिफोनचे मर्म सांगितले.

मंगल कार्यालयात आमंत्रणे आठशे जातात, पण पंगत दोनशेचीच असते. सगळे एकदम जेवायला बसणार नाहीत, या भरवशावर यजमान निश्चिंत असतो. टेलिफोनचा सगळा कारभार याच भरवशावर उभा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे ए. के. एर्लांग नावाचे एक गणिती होते. त्यांनी १९०९ आणि १९१७ साली निबंध लिहून हा भरवसा हिशेबात बसवला. किती माणसे बोलू पाहतात, सरासरी किती वेळ बोलतात, आणि त्यासाठी किती मार्ग पुरे होतील, हे त्यांनी मांडून दाखवले. आजही टेलिफोनची वर्दळ त्यांच्याच नावाच्या एककात मोजतात.

मोबाइलमध्ये आणखी एक अडचण असते. बोलणे सुरू होण्याआधी तुमच्या फोनला टॉवरकडे 'मला जागा द्या' अशी वर्दी द्यावी लागते, आणि ही वर्दीची वाट अरुंद असते. त्या वेळच्या मोबाइलमध्ये मेसेजही याच वाटेने जात. २००५ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब करून दाखवले की, घरगुती इंटरनेट जोडणीएवढ्या साधनावरून मेसेजचा मारा केला तरी मॅनहटनएवढ्या वस्तीचे फोन बंद पाडता येतील. दिंडी दरवाजात चार माणसे हुज्जत घालत उभी राहिली, की आतला चौक मोकळा असूनही कुणाला आत जाता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

"मग २६ जुलै २००५ ला मुंबईत फोन लागत नव्हते, तेव्हा कुणाला पकडलं?" चिरंजीवांनी पेच टाकला.

पेच चांगला होता. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुठे वीज गेल्याने टॉवर मुके झाले, तर कुठे प्रत्येक माणूस घरी फोन लावू लागल्याने वाट तुंबली. त्यात गुन्हा कुणाचाच नव्हता, कारण प्रत्येकाला बोलायचे होते. कायद्याची मेख इथेच आहे. गर्दीत सापडणे वेगळे आणि दार अडवण्यासाठी गर्दी जमवणे वेगळे.

आपला १८८५ चा तार कायदा पाहा. निरोप अडवण्याच्या हेतूने जो कोणी यंत्राला, तारेला, खांबाला हात लावील, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, असे त्याच्या पंचविसाव्या कलमात लिहिले होते. त्या काळचा गुन्हेगार खांबावर चढणारा होता. नुसती घंटी वाजवून कुणी वाट बंद पाडील, हे १८८५ साली कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

ते स्वप्न अमेरिकेत खरे झाले. ५ नोव्हेंबर २००२, न्यू हॅम्पशायर राज्यात निवडणुकीचा दिवस. मतदारांना केंद्रावर पोहोचवण्यासाठी डेमोक्रॅटिक पक्षाने आणि मँचेस्टर शहरातल्या अग्निशामक जवानांच्या संघटनेने फोन ठेवले होते. सकाळीच ते खणखणू लागले. उचलावा तर पलीकडे कुणी नाही. ठेवावा तर पुन्हा घंटी. विरुद्ध पक्षाच्या माणसांनी भाड्याने हे काम दिले होते! दोघांनी गुन्हा कबूल केला आणि तुरुंगाची हवा खाल्ली. तिसऱ्याने खटला लढवला. २००५ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवले, पण २००७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि पुढे तो सुटला. कारण कायद्यातला शब्द होता 'छळण्याच्या हेतूने' फोन वाजवणे. आता कुणाचे काम अडवणे म्हणजे फोन उचलणाऱ्याला छळणे होते का? पाप होते, पण पापाला नेमका शब्द नव्हता.

"बघा! सुटला ना?" चिरंजीव खुशीत आले.

"चहा संपव. पुढे ऐक."

इंग्लंडमध्ये एका किशोरवयीन पोराला नोकरीवरून काढले. त्याने रागाने कंपनीला सुमारे पन्नास लाख ई-मेल पाठवले. त्याचा बचाव हुबेहूब चिरंजीवांचा होता : ई-मेल घेण्यासाठीच तर यंत्र ठेवले आहे, मग प्रत्येक ई-मेलला परवानगी आहेच! खालच्या न्यायाधीशाला हे पटले. मे २००६ मध्ये हायकोर्टाने ते फिरवले. घरमालक फाटकातून दारापर्यंत येण्याची मुभा सर्वांना देतो, पण ती चोराला नसते, आणि पत्रपेटी कचऱ्याने बुजवण्यासाठीही नसते, असा त्या निकालाचा भाव आहे. निरोपासाठी दिलेली परवानगी निरोप बंद पाडण्यासाठी वापरता येत नाही. पोराला पुढे दोन महिने ठरावीक वेळी घरात राहण्याची शिक्षा झाली.

गंमत अशी की, त्याच मे महिन्यात जर्मनीत फ्रँकफुर्टच्या वरिष्ठ न्यायालयाने उलट दिशेचा निकाल दिला. परदेशी लोकांना विमानातून हद्दपार करतात, याचा निषेध म्हणून २००१ साली हजारो लोकांनी लुफ्तांझा कंपनीच्या संकेतस्थळावर एकाच वेळी धडक मारली होती. तशी हाक देणाऱ्या माणसाला खालच्या कोर्टाने दोषी ठरवले होते. वरिष्ठ न्यायालयाने त्याला सोडले, कारण बटण दाबणे म्हणजे बळजबरी नव्हे. निषेध करणाऱ्यांना वाटले, जिंकलो! पण दुसऱ्याच वर्षी, २००७ मध्ये, तिथल्या कायद्यात दुरुस्ती होऊन नुकसान करण्याच्या हेतूने अशी माहिती धाडून यंत्रणा अडवणे हा स्पष्ट गुन्हा झाला.

आणि २०११ मध्ये अमेरिकेतच एक बांधकाम कंपनी आणि एक कामगार संघटना यांचा वाद वरच्या न्यायालयापुढे आला. संघटनेने फोन आणि ई-मेल यांचा भडिमार केल्याची तक्रार होती. न्यायालय म्हणाले, फोन सर्वांना खुला होता, तेव्हा विनापरवाना शिरकाव झाला असे म्हणता येणार नाही. पण जाणूनबुजून इतका मारा करणे की मालकाला आपली यंत्रणा वापरता येऊ नये, हे नुकसानच. दावा पुढे चालू द्यावा. म्हणजे शब्द अखेर सापडला, आणि तो शब्द 'शिरकाव' नसून 'अडवणूक' हा होता.

आपल्याकडे हा शब्द आधीच लिहून ठेवलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४३ : मालकाच्या परवानगीवाचून जो कोणी संगणक-जाळ्यात व्यत्यय आणील, किंवा ज्याला ते वापरण्याचा अधिकार आहे त्याला ते वापरू देणार नाही, तो नुकसानभरपाईला जबाबदार. आणि मोबाइल हा काही संगणक नव्हे, ही पळवाट बंद आहे. जाळ्याच्या व्याख्येत बिनतारी जोडणी आणि फोन दोन्ही बसवले आहेत. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे न्यायनिर्णयासाठी चालतो. हेच कृत्य अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ : तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"पण आमचा हेतू अप्रामाणिक नाहीच मुळी!"

"कायद्यातला 'अप्रामाणिक' शब्द तुझ्या मनातल्यासारखा नाही, बाबा. दुसऱ्याचं गैरवाजवी नुकसान व्हावं अशी इच्छा असली, तरी तो लागू होऊ शकतो. सात वाजता काय व्हावं असं तुम्हाला वाटतं? टॉवर बसावा. ते तुम्ही चारशे जणांच्या ग्रुपवर तारीखवेळेसह लिहून ठेवलंय. सरकारी वकिलाला आणखी काय हवं?"

"आणि ज्यानं मेसेज फक्त पुढे पाठवला तो?"

"कलम ८४ ब. चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा. आणि प्रयत्न फसला, टॉवर ठणठणीत राहिला, तरी ८४ क आहेच."

चिरंजीव थोडे नरमले. पण पटलेले नव्हते. कायद्याच्या भीतीने गप्प बसलेला माणूस आणि पटून गप्प बसलेला माणूस यांतला फरक वकिलाला कळतो.

"पण काका, नुकसान कुणाचं? कंपनीचंच ना? होऊ दे की थोडं!"

तेव्हा मी जे बोलायचे नाही असे ठरवले होते, ते बोललो. सतराएक वर्षांपूर्वीचे लक्ष्मीपूजन. तेव्हा सणाच्या संध्याकाळी शुभेच्छांच्या मेसेजनी मोबाइलची वाट हमखास तुंबायची. खाली या चिरंजीवांच्या आजींच्या छातीत दुखू लागले. वडील त्यांना धरून बसले होते आणि फोन होता दहा वर्षांच्या या पोराच्या हातात. डॉक्टरांचा नंबर तो पुन्हा पुन्हा लावत होता. 'या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत.' पंधरा मिनिटांनी तो रडत जिना चढून वर आला. आमच्याकडे अजून वायरचा फोन होता, त्यावरून लागला. आजी वाचल्या, पुढे सात वर्षे आम्हाला त्यांच्या हातचे अनारसे मिळाले.

"त्या दिवशी दोष कुणाचाच नव्हता," मी म्हटले. "लोक एकमेकांना दिवाळीच्या शुभेच्छा देत होते. ११२ सारख्या फोनला अग्रक्रम देण्याची सोय असते, पण मुलाने डॉक्टरला लावलेल्या साध्या फोनला ती नसते. तुमच्या टॉवरखाली चारशेच माणसं राहत नाहीत. सात वाजता कुणाच्या हातात फोन असेल, हे तुमच्या ग्रुपला माहीत आहे का?"

चिरंजीवांनी कपातला गार चहा ढवळला. अ‍ॅरिझोनातल्या एका १८ वर्षांच्या मुलाची गोष्ट मी सांगितली, ती त्यांनी मान खाली घालूनच ऐकली. २०१६ च्या ऑक्टोबरात त्याने इंटरनेटवर एक दुवा टाकला. जो उघडील त्याचा आयफोन आपोआप ९११ हा तिथला संकटकाळचा नंबर फिरवत राही. तिथल्या एका गावच्या पोलिसांकडे काही मिनिटांत शंभरावर फोन आले. थट्टा होती, असे त्याचे म्हणणे. त्याला अटक झाली ती थट्टेबद्दल नव्हे. त्या शंभरांत एखादा खरा फोन अडकला असता म्हणून.

"मग आम्ही करायचं काय? बिलं भरत बसायची?"

हा प्रश्न मात्र योग्य होता, आणि त्याला उत्तर आहे. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही, असा समज पूर्वी एका निकालामुळे पसरला होता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शंका दूर केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या ३५ व्या कलमाखाली एकाच गाऱ्हाण्याचे अनेक ग्राहक जिल्हा आयोगाच्या परवानगीने मिळून एकच तक्रार देऊ शकतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. चारशे बिले, चारशे तक्रारींचे नंबर, तुटलेल्या फोनांची तारीखवार यादी. एवढा पुरावा घेऊन दारात उभे राहिलात, तर कंपनीला कडी उघडावीच लागेल.

"ग्रुप तोच ठेव," मी म्हटले, "फक्त काम बदल."

जाताना चिरंजीव दारात थांबले. "काका, यादी कशी करायची ते रविवारी सांगाल?"

"सांगेन. पण त्याला फी पडेल."

"किती?"

आतून सौ.चा आवाज आला, "आजींच्या पद्धतीचे अनारसे. तुझ्या आईला येतात."

दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर बेत रद्द झाल्याचे कळले. चारशेपैकी अकरा जणांनी तक्रारीची कागदपत्रे दिली आहेत. बाकीचे फराळानंतर देतो म्हणतात. वाचकहो, आम्ही वाट पाहत आहोत. दिवाळीच्या शुभेच्छा तुम्हाला आत्ताच देऊन ठेवतो, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात वाजता तेवढी एक वाट मोकळी राहील.