खऱ्यासारखे चित्र आणि खरा साक्षीदार

फेरीवाल्यांच्या एका सभेसाठी भित्तिपत्रक करायचे होते. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने चित्र आणले. रात्रीचा बाजार, नुकताच पाऊस पडून गेलेला रस्ता, पाण्यात उतरलेले लाल-निळे दिवे, मागे कढईतून उठणारी वाफ आणि मध्यभागी एक तरुण स्त्री. कॅमेऱ्याने टिपलेला फोटो म्हणून कुणीही मान्य करावे असे ते चित्र होते. पण ती स्त्री कुठेच जन्मलेली नाही आणि तो बाजार कुठेच भरत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे ज्याला सगळे एआय म्हणतात त्या यंत्राकडून त्याने ते दोन मिनिटांत करून घेतले होते. सभेला आलेल्या एका भाजीवाल्या मावशींनी चष्मा लावून ते निरखले आणि विचारले, "पोरा, ही बाई विकते काय? हिचा तराजू कुठाय?" सभेत हशा पिकला. आम्ही मात्र त्या प्रश्नाने विचारात पडलो.

ही चित्रे कशी तयार होतात, ते आधी समजून घेतले पाहिजे. यंत्राला शब्दांत हुकूम द्यायचा असतो. चेहरा कसा, वय किती, दिवे कोणत्या रंगाचे, लेन्स 85 मिलिमीटरची, पार्श्वभूमी धूसर. यंत्र ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करते आणि शिकलेल्या नमुन्यांच्या आधारे टप्प्याटप्प्याने तो गोंधळ दूर करत चेहरा घडवते. त्यात 'पार्श्वभूमी धूसर' हा शब्द लक्षात ठेवा. धूसर कोण होतो? कढईमागचा माणूस, पाटीवाली बाई, भांडी घासणारा पोरगा. ज्यांच्यामुळे बाजार उभा राहतो, तेच चित्रात पुसले जातात. पुढे उरतो तो बाजारात फिरायला आलेला देखणा चेहरा.

आणि यंत्र शिकते कशावरून? 2022 मध्ये 'लायन-5बी' नावाचा संग्रह जाहीर झाला. त्यात इंटरनेटवरून गोळा केलेल्या सुमारे 585 कोटी चित्रांच्या आणि त्यांच्या वर्णनांच्या जोड्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वांसाठी खुले झालेले 'स्टेबल डिफ्यूजन' हे यंत्र याच संग्रहाच्या भागांवर शिकले. एवढ्या ढिगात जगभरच्या रस्त्यांवरचे, बाजारातले किती चेहरे असतील! त्यातल्या कोणत्या विक्रेत्याला कुणी विचारले होते? 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांच्या चेहऱ्याच्या आणि आवाजाच्या गैरवापराला मनाई केली. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाला असेच संरक्षण दिले. ते योग्यच झाले. परंतु खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या पीठाने 2017 मध्ये सांगितले, ते केवळ नामवंतांसाठी नव्हे. मच्छीवालीच्या चेहऱ्यावरही तिचाच हक्क आहे. फरक एवढाच की तिच्याकडे वकिलाची फी नाही.

यंत्राला जात नसते, असे काही सुशिक्षित मंडळी आम्हाला ऐकवतात. त्यांच्या माहितीसाठी एक उदाहरण देतो. ऑक्टोबर 2025 मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकाने ओपनएआय कंपनीच्या 'सोरा' या चित्रयंत्राची तपासणी प्रसिद्ध केली. दलिताचे काम दाखव म्हटल्यावर यंत्राने काळ्यासावळ्या वर्णाचा, मळक्या कपड्यातला, हातात झाडू घेतलेला किंवा गटारात उतरलेला माणूस काढला. ब्राह्मणाचे काम म्हटल्यावर गोऱ्या वर्णाचा, पांढऱ्या वस्त्रातला, पोथी वाचणारा पुरोहित काढला. दलिताचे वर्तन म्हटल्यावर काही चित्रांत चक्क ठिपक्यांचे कुत्रे आले. यंत्राने हे स्वतःच्या मनाने केले काय? नाही. समाजाने जे शतकानुशतके लिहिले आणि छापले, तेच त्याने गिरवले. म्हणजे नाव घेतले तर आमच्या हातात झाडू, आणि नाव न घेता सुंदर चित्र मागितले तर आम्ही धूसर पार्श्वभूमीत. दोन्हीकडे माणूस म्हणून आमचा चेहरा नाही.

परंतु आमची खरी चिंता याच्याही पुढची आहे, आणि ती कोर्टाच्या पायरीवरची आहे. एका पुलाखाली रात्री धंदा करणाऱ्या काही कुटुंबांचे प्रकरण आम्ही पाहत होतो. त्यांच्याजवळ जुन्या दंडाच्या पावत्या होत्या आणि मोबाईलवर काढलेले काही फोटो. त्या फोटोंत गाडी होती, मुले होती, मागच्या दुकानाची पाटी होती. सुनावणीत समोरच्या बाजूने सहज विचारले, "हे फोटो एआयचे नाहीत कशावरून?" काही वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणाला सुचला नसता. आज तो कुणीही विचारू शकतो. ज्याच्याकडे सातबारा आहे, भाडेकरार आहे, गुमास्ता परवाना आहे, त्याला या प्रश्नाने काही फरक पडत नाही. ज्याच्याकडे फोटोशिवाय कागद नाही, त्याच्या पोटावर मात्र पाय येतो.

2014 च्या पथविक्रेता अधिनियमाच्या कलम 3 प्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता येत नाही. कलम 18 प्रमाणे हटवण्यापूर्वी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व, ही तरतूद कायद्यातच आहे. कायदा चांगला आहे. पण आपण त्या जागी खरोखर धंदा करत होतो, हे दाखवल्याशिवाय त्याचा आधार मिळत नाही. ते दाखवणारा साक्षीदार बहुधा तो फोटोच असतो. खोट्या चित्रांचा पूर आला की खऱ्या चित्रावरचाही विश्वास उडतो. या पुरात पहिले घर कुणाचे वाहून जाणार, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना आणि फेरीवाल्या बंधू-भगिनींना सांगणे आहे. आपल्या जागेचे फोटो काढा. त्यात आजूबाजूची कायमची खूण, दुकानाची पाटी, विजेचा खांब येऊ द्या. मूळ फाईल फोनमध्ये जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारख्या पाठवलेल्या फोटोतून वेळ आणि ठिकाणाची नोंद गळून जाते, हे विसरू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात फाईलची हॅश किंमत, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना, नोंदवायची असते. पावती मिळाली तर तिचाही फोटो काढा. शेजारच्या गाडीवाल्याची साक्ष लिहून ठेवा.

आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत, असा कुणी अर्थ काढू नये. शिकलेल्या पोराने नवे साधन हाती घेतलेच पाहिजे. पण कृत्रिम चित्रावर तसे स्पष्ट लिहा. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2026 मध्ये नियमांत दुरुस्ती करून समाजमाध्यमांवर अशा चित्रांना खूण बंधनकारक केली आहे. आपल्या चळवळीने तर ही शिस्त नियमाची वाट न पाहता पाळायला हवी. जो समाज पुराव्याच्या बळावर लढतो, त्याने खोट्या पुराव्याला आपल्या घरात जागा देऊ नये. आज सभेच्या पत्रकावर खोटी भाजीवाली छापली, तर उद्या खरी भाजीवाली कोर्टात उभी राहील तेव्हा तिच्यावर कोण विश्वास ठेवील?

5 डिसेंबरच्या रात्री दादरला शिवाजी पार्कवर जो ग्रंथांचा, प्रतिमांचा, दिनदर्शिकांचा बाजार जागा असतो, तो वाचकांनी पाहिला आहेच. कंदिलाच्या उजेडात पुस्तके मांडून बसलेल्या माणसाचा चेहरा यंत्राकडे मागण्याची गरज काय? तो आपल्यासमोर बसला आहे. त्याला विचारा, त्याच्या परवानगीने फोटो काढा आणि खाली तारीख लिहा.

आमच्या त्या तरुण कार्यकर्त्याने नंतर तसेच केले. नव्या पत्रकावर त्याच मावशी आहेत, त्यांच्या संमतीने. दिवा थोडा मंद आहे, चेहरा थोडा हललेला आहे. पण हातात तराजू आहे.