फाशीच्या मागणीत आपला आवाज मिसळण्याआधी

धाडवरून भोकरदनला जाणारा रस्ता मी लहानपणापासून ओळखतो. माझं आजोळ त्या बाजूला आहे. बुलढाणा जिल्हा संपतो, जालना सुरू होतो. कागदावर विदर्भ संपून मराठवाडा लागतो. शेतं मात्र बदलत नाहीत. तीच कपाशी, तोच मका, रस्त्याकडेची तीच पालं.

जून २००३ मध्ये मी दहावीत जाणार होतो. सुट्टीत आजोळी होतो. त्या दिवसांत अचानक सगळ्यांनी अंगणात झोपणं बंद केलं. भोकरदनजवळ पेरूच्या बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर ५ जूनच्या रात्री हल्ला झाला होता. पाच जण मारले गेले. घरातल्या बाईवर आणि अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला. मुलगी मेली, आई वाचली. लुटीत गेलं काय, तर काही हजार रुपये आणि अंगावरचे दागिने. नानी रात्री दोनदा उठून दाराची कडी तपासायची. थोड्याच दिवसांत पोलिसांनी माणसं पकडल्याची बातमी आली आणि गावाने सुटकेचा श्वास घेतला. मीही घेतला. ती माणसं कोण, त्यांच्याविरुद्ध पुरावा काय, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. पालात राहणारी भटक्या जमातीची माणसं होती, एवढं उत्तर गावाला पुरेसं होतं.

गेल्या काही महिन्यांत आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज मी एकाच दिवशी वाचतो. एक, आपल्या माणसांवर अन्याय झाला, वर्षानुवर्षं निर्दोष माणसं तुरुंगात सडली. दुसरा, अमुक गुन्ह्यातल्या नराधमाला चौकात फाशी द्या. दोन्ही मेसेज पाठवणारे हात अनेकदा एकच असतात. डिसेंबर २०१२ मध्ये मीही असंच लिहिलं होतं, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही. पण भोकरदनच्या त्या खटल्याचं पुढे काय झालं, हे आपण शेजाऱ्यांनी तरी वाचायला हवं.

सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे ३० एप्रिल २००९ रोजी आरोपींची अपिलं फेटाळली गेली, सरकारचं अपील मान्य झालं आणि जन्मठेपेवर आलेल्या तिघांनाही पुन्हा फाशी झाली. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाचा शिक्का बसला. आता कोण शंका घेणार?

दोनच आठवड्यांनी, महाराष्ट्रातल्याच बरियार प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने एक चूक दाखवली. काही फाशीच्या निकालांसाठी ज्या जुन्या निवाड्याचा आधार घेतला होता, तो १९८० च्या बच्चन सिंग निकालाशी विसंगत होता. बच्चन सिंग निकाल सांगतो की फाशी फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात द्यावी आणि गुन्ह्यासोबत गुन्हेगाराचाही विचार करावा. जुना निवाडा मात्र फक्त गुन्ह्याकडे बघायला सांगत होता. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून अशा चुकीच्या आधारावर दिलेल्या फाशी रद्द करण्याची विनंती केली. त्यात भोकरदनचं प्रकरण होतं. सहापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचंही नंतर सिद्ध झालं. म्हणजे कायद्याने ज्याला फाशी देताच येत नाही, असा मुलगा तीन न्यायालयांतून फाशीची शिक्षा घेऊन बाहेर पडला होता.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातल्या पुनर्विचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकल्या जाव्यात. ऑक्टोबर २०१८ मध्ये या सहा जणांविरुद्धचा २००९ चा निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकायचं ठरलं. ५ मार्च २०१९ रोजी ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणाचा शेवटचा निकाल आला. सहाही जण निर्दोष.

हा निकाल वाचताना एका जागी मी थांबलो. हल्ल्यातून वाचलेल्या त्या बाईला घटनेनंतर लगेच पोलिसांनी गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातल्या चार जणांना ओळखलं होतं. ते चार जण या सहांपैकी नव्हते. त्या चौघांवर खटला चालला नाही आणि ही गोष्ट न्यायालयापासून दडवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तपासावर कठोर ताशेरे ओढले, पुढील तपासाचे आदेश दिले, दोषी अधिकाऱ्यांचा शोध घेऊन कारवाई करायला सांगितलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

हिशेब करायची मला सवय आहे. सोळा वर्षं म्हणजे साधारण ५,८४० दिवस. पाच लाखांना त्याने भागलं की दिवसाला ८५ रुपये येतात.

या दिवसांत ती माणसं कशी जगली? त्यांनी ही वर्षं मृत्यूच्या सततच्या भीतीत काढली, बराच काळ एकांतात, लहानशा जागेत, माणसांशी अगदी थोडा संपर्क ठेवून काढली आणि काहींना घरच्यांची भेट जवळजवळ मिळालीच नाही, अशी नोंद न्यायालयाने निकालात केली आहे. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच तुरुंगांत आहे, येरवडा आणि नागपूर. आपल्याकडून नागपूरला जायचं तर मलकापूर किंवा शेगावला गाडी पकडायची, एका दिवसाची मजुरी बुडवायची, खर्च वेगळा. पालात राहणाऱ्या कुटुंबाने वर्षातून किती वेळा हे करावं?

कायदा याबाबत काय म्हणतो, तेही माहीत असावं. १९७८ च्या सुनील बत्रा निकालानुसार सगळे कायदेशीर मार्ग आणि दयेचा अर्ज संपेपर्यंत कैद्याला ‘फाशीचा कैदी’ म्हणून वेगळं कोंडता येत नाही. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने सांगितलं की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर फाशीपर्यंत किमान १४ दिवस मिळायला हवेत, मानसिक आजार असलेल्याला फाशी देऊ नये, कैद्याला शेवटपर्यंत वकील मिळायला हवा. कागदावर हे सगळं आहे. तरीही दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी फाशीच्या ८८ कैद्यांची तपासणी केली, तेव्हा ६२ टक्क्यांहून अधिक जणांमध्ये मानसिक आजार आढळला. हा अहवाल २०२१ चा आहे.

याच नागपूर तुरुंगातून मार्च २०२३ मध्ये आणखी एक माणूस बाहेर आला. पुण्यात १९९४ मध्ये झालेल्या सात जणांच्या हत्याकांडात त्याला फाशी झाली होती. गुन्ह्याच्या वेळी तो १२ वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ वर्षांनी मान्य केलं. शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख आणि नाव, एवढ्यावर ते ठरलं. इथे गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच की बारा वर्षांच्या पोराला कोणत्याही कायद्याने फाशी देता येत नव्हती आणि त्याचं वय नीट तपासायला आपल्या व्यवस्थेला पाव शतक लागलं.

आणि मग जुलै २००६ चे मुंबईच्या लोकलमधले स्फोट. १८९ माणसं गेली. १२ जण दोषी ठरले, २०१५ मध्ये पाच जणांना फाशी झाली. त्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्ये करोनाने नागपूर तुरुंगातच वारला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. मेलेल्या माणसालाही. कबुलीजबाब, ओळखपरेड, उशिरा पुढे आलेले साक्षीदार, जप्त केलेल्या वस्तूंची साखळी, काहीच विश्वासार्ह ठरलं नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. हा निकाल इतर खटल्यांत पायंडा म्हणून वापरू नये, असं त्या न्यायालयाने सांगितलं, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. अक्षरधामच्या खटल्यातही २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांना निर्दोष सोडलं, त्यातले तिघे फाशीचे कैदी होते.

लोकल स्फोटांच्या निकालाबद्दल आपल्याकडे खूप बोललं गेलं. बोलायलाच हवं होतं. भोकरदनच्या निकालाबद्दल आपल्या एकाही मित्राला माहिती नव्हती. मी दहा-बारा जणांना विचारलं. एकाने विचारलं, “भाई, त्यात आपले कोण होते?”

याच प्रश्नासाठी मी हा लेख लिहितोय. त्या सहा जणांत मुसलमान कुणी नव्हता. पण पोलिसांना आरोपी हवा असतो तेव्हा ज्यांच्याकडे सगळ्यात आधी बोट जातं, त्या रांगेत ते आणि आपण शेजारी उभे आहोत. दिल्लीच्या त्याच विद्यापीठाचा २०१६ चा अहवाल सांगतो की फाशीच्या दर चार कैद्यांपैकी जवळपास तिघे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातले होते, आणि साधारण तेवढेच मागास समाजांतले किंवा धार्मिक अल्पसंख्य होते. २००० नंतरच्या दीड दशकात खालच्या न्यायालयांनी दिलेल्या शंभर फाशींमागे वरच्या न्यायालयांत जेमतेम पाच टिकल्या. तीसच्या आसपास लोक थेट निर्दोष सुटले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कोणताही बदल लाइव्ह करण्याआधी आमच्याकडे एक प्रश्न विचारतात: बिघडलं तर मागे येता येईल का? येत नसेल तर तो बदल जात नाही. आणि ज्या यंत्रणेचे शंभरपैकी तीस निकाल पूर्ण उलटे पडतात, तिच्या हातात मागे न येणारं बटण कुणी देत नाही. तुरुंगवास चुकला तर सोळा वर्षांनी का होईना दार उघडता येतं. भोकरदनच्या सहा जणांना २००९ नंतर लगेच फाशी दिली असती, तर २०१९ चा निकाल कुणासाठी लिहिला गेला असता?

अब्बांशी यावर माझा वाद झाला. ते म्हणाले, “बेटा, आपल्या दीनमध्ये किसास आहे. मग तू फाशीला विरोध कसा करतोस?” प्रश्न प्रामाणिक आहे आणि अनेक वाचकांच्या मनात असणार. मी आलिम नाही. पण जे मला शिकवलं गेलं त्यात पुराव्याची अट फार कडक आहे, शंका आली की हदची शिक्षा टळते आणि मारल्या गेलेल्याच्या वारसांना माफ करण्याचा हक्क आहे. आपल्या देशातल्या फाशीत यातलं काय आहे? इथे वारसाला कुणी विचारत नाही, दयेचा अधिकार राष्ट्रपती आणि राज्यपालांकडे असतो, आणि शंका दडवून ठेवणारा पोलीस तपास आपण आत्ताच पाहिला. ‘आपल्या दीनमध्ये आहे’ असं म्हणून या यंत्रणेला पाठिंबा देता येत नाही. अब्बा गप्प राहिले. मग म्हणाले, “आणि त्या बाईचं काय?”

त्यांचा हा प्रश्न माझ्या सगळ्या युक्तिवादाहून मोठा आहे. त्या बाईने मुलं गमावली, नवरा गमावला, स्वतः अत्याचार सोसला. तिने चार माणसं ओळखली होती. सोळा वर्षं व्यवस्था तिला सांगत राहिली की तुझा न्याय झाला आहे. शेवटी कळलं की ज्यांना शिक्षा झाली ते दुसरेच होते. लोकल स्फोटांतल्या १८९ घरांचंही हेच झालं. चुकीच्या माणसाला फासावर चढवण्यात पीडितांचा काहीही फायदा नाही. फाइल बंद होते आणि खरा गुन्हेगार निर्धास्त झोपतो. म्हणून फाशीला विरोध करणारा माणूस पीडितांच्या विरोधात असतो, हे मला मान्य नाही.

मग पुढच्या वेळी आपल्या तालुक्यात एखादा भयंकर गुन्हा घडला आणि मोर्चा निघाला, तर आपण घरी बसायचं का? नाही. मोर्चात जायचं. पण फलकावर काय लिहायचं ते बदलायचं. तपास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे द्या, न्यायवैद्यक अहवाल वेळेत आणा, खटला लवकर चालवा, पीडितेला मनोधैर्य योजनेची मदत ताबडतोब मिळू द्या, साक्षीदारांना संरक्षण द्या. या मागण्यांनी गुन्हेगार पकडला जातो. ‘चौकात फाशी द्या’ने फक्त पोलिसांवर लवकर कुणालातरी पकडण्याचं दडपण येतं, आणि ते कुणीतरी कोण असतं हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

वकील संघ आरोपीचं वकीलपत्र न घेण्याचा ठराव करतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवायच्या नाहीत. असे ठराव बेकायदेशीर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. अटकेत असलेल्या कुणालाही मोफत वकील मागण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. बुलढाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्यांत त्याच्या समित्या आहेत. तिथे अर्ज कसा करायचा हे प्रत्येक मोहल्ल्यातल्या दोन पोरांना तरी यायला हवं, आणि त्यांनी तो पालावरच्या माणसासाठीही लिहायला हवा. आपल्यातली जी मुलंमुली कायदा शिकत आहेत त्यांनी फौजदारी बाजू निवडावी. पैसा कमी आहे, धोका आहे. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात आपल्याच कार्यालयात मारले गेलेले अॅड. शाहिद आझमी हे काम करत होते.

गेल्या ईदला मी आजोळी गेलो होतो. भोकरदनच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पालं होती. मोटारसायकलचा वेग कमी केला, पण थांबलो नाही. त्या जूनमध्ये ज्यांना पकडल्यावर मला शांत झोप लागली होती, ती माणसं अशाच पालांतली होती. त्यांच्यासाठी मी तेव्हा काही विचारलं नाही. निदान यापुढे विचारीन, आणि तुम्हीही विचारा, मग आरोपीचं नाव कोणतंही असो.